कचऱ्याचे हक्कसोडपत्र

घरामागच्या हातभर रुंदीच्या बोळासाठी तीन पिढ्या दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणारा, भावकीतल्या आंब्याची एक फांदी आपल्या हद्दीत येते म्हणून सरकारी मोजणी आणविणारा आणि आजोबांच्या मृत्युपत्रातील पितळी घंगाळ कोणाकडे गेले हे अद्याप न विसरलेला आपला मराठी गृहस्थ एका बाबतीत मात्र कर्णालाही लाजवील इतक्या निरिच्छपणे वागतो, आणि ती बाब म्हणजे कचरा. केळे खाऊन होईपर्यंत ते निर्विवादपणे त्याच्या मालकीचे असते. डझनामागे पाच रुपयांसाठी फळवाल्याशी घातलेली हुज्जत त्याला साक्ष असते. परंतु त्याच केळ्याची साल बादलीत पडताक्षणीच तिच्यावरील सर्व हक्क, हितसंबंध व वहिवाट तो अशा तत्परतेने सोडून देतो की, मुद्रांक नाही, साक्षीदार नाही, दुय्यम निबंधकाची सही नाही, तरी इतके पक्के हक्कसोडपत्र उभ्या महसूल खात्याच्या दप्तरात सापडावयाचे नाही. ती साल यानंतर महापालिकेची होते. आणि दोन दिवस ती जागची हलली नाही तर हाच गृहस्थ नाकाला रुमाल लावून, ‘महापालिका झोपली आहे काय?’ असा सवाल वृत्तपत्राच्या पत्रव्यवहारात विचारतो.

पुणे शहरात दररोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निर्माण होतो. विशेष हे की, यातला एक तोळाही कोणा पुणेकराने केलेला नसतो. पेठांतील लोकांच्या मते तो उपनगरांत होतो, उपनगरांच्या मते हॉटेलांत, हॉटेलवाल्यांच्या मते मंगल कार्यालयांत, आणि मंगल कार्यालयांच्या मते केटररकडे. बाहेरून आलेल्या लोकांमुळे तो होतो, याविषयी मात्र सर्वांचे एकमत असते. हे बाहेरून आलेले लोक कोण, याची चौकशी करू लागल्यास असे आढळते की, जो आपल्यानंतर पाच वर्षांनी पुण्यात आला, तो बाहेरचा.

या बेवारस ऐवजाचा काही बंदोबस्त व्हावा म्हणून सरकारने हातपाय हालविले नाहीत असे नाही. केंद्र सरकारने २००० साली नागरी घनकचऱ्याविषयी नियम केले आणि त्यांत वर्गीकरणाचा आग्रह धरला. या नियमांकडे देशाने सोळा वर्षे आदरपूर्वक दुर्लक्ष केल्यावर एप्रिल २०१६ मध्ये नवे नियम निघाले आणि ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग प्रत्येकाने आपल्या उंबरठ्याच्या आतच करावेत, असा स्पष्ट हुकूम झाला. आता उंबरठ्याच्या आत सरकारने येऊ नये, ही पुण्याची फार जुनी भूमिका आहे. १८९७ साली प्लेगच्या निमित्ताने गोरे शिपाई स्वयंपाकघरापर्यंत शिरले, तेव्हापासून आरोग्य खात्याचा माणूस दारात दिसला की या शहराच्या मनात काहीतरी हलते. त्या वेळच्या संतापाला कारण होते, जुलूम होता. आज मात्र आरोग्य निरीक्षक बिचारा ‘दोन बादल्या ठेवा हो’ एवढेच विनवीत असता त्याच्याही वाट्याला तोच बाणेदारपणा यावा, हे काही बरे नव्हे.

हा हुकूम आमच्या सहकारी गृहरचना संस्थेपर्यंत पोहोचला तो वार्षिक सर्वसाधारण सभेत, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’ या सदराखाली. म्हणजे वेफर्स संपले आहेत, चहा यावयाचा आहे आणि गणसंख्येपुरते सभासद केवळ त्या चहासाठी थांबले आहेत, अशा मुहूर्तावर. चिटणिसांनी परिपत्रक वाचून दाखविले. वाळलेली पोळी कोणत्या बादलीत टाकायची, असा एक निरागस प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारला, आणि त्यासरशी सभेत जे चैतन्य संचारले, ते हिशेबपत्रकाला मंजुरी देताना कधीही दिसलेले नव्हते. संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “ओलेपणा हा पोळीचा स्वाभाविक धर्म की आगंतुक, हे आधी ठरवा, मगच पुढे जाता येईल.” पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी, पावसात भिजलेले वर्तमानपत्र किती टक्के आर्द्रतेपर्यंत सुके समजावे, याचे कोष्टक परिपत्रकासोबत का जोडले नाही, असा तांत्रिक आक्षेप घेतला. वकीलसाहेबांनी परिपत्रक हातात घेऊन ते उलटसुलट पाहिले आणि ज्या अर्थी यात पोळीचा नामनिर्देश नाही, त्या अर्थी पोळीस हा नियम लागू नाही, असा निर्वाळा दिला. नारळाच्या करवंटीवर पाऊण तास गेला. ती आतून ओली, बाहेरून सुकी. कुजते म्हणावे तर आपल्या हयातीत कुजत नाही, आणि भंगारात द्यावी तर भंगारवाला घेत नाही.

अंड्याच्या टरफलांचा विषय कोणीतरी अनवधानाने काढला तेव्हा मात्र सभा क्षणभर स्तब्ध झाली. आपल्या इमारतीत अंडी शिजतच नाहीत, सबब हा प्रश्न उद्भवत नाही, अशी नोंद इतिवृत्तात व्हावी, अशी सूचना तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी मांडली, आणि ती एकमताने संमत झाली. हा सर्व वेळ दाराशी उभा असलेला रखवालदार, “सायेब, कुजंल ते वलं आन् ऱ्हाईल ते सुकं, येवढंच की!” असे एकदा बोलून गेला. सरकारच्या दोन नियमावल्यांचा अर्थ त्या एका वाक्यात आलेला होता. परंतु तो संस्थेचा सभासद नसल्यामुळे त्याचे म्हणणे नोंदवून घेता आले नाही. अखेर पाच जणांची उपसमिती नेमण्यात आली. ती अद्याप अभ्यास करीत आहे.

बादल्यांचाही इतिहास आहे. ओल्यासाठी हिरवी आणि सुक्यासाठी निळी, अशा दोन बादल्या एका निवडणुकीच्या आधी घरोघर फुकट वाटण्यात आल्या. दोन्हींवर नगरसेवकांचे नाव आणि हात जोडलेले छायाचित्र छापलेले होते. पुढे महिनाभराने पाहावे तो हिरव्या बादलीत कोणाच्या घरी तांदूळ भरलेले, निळीत कोणाच्या घरी गाडी धुण्याचे पाणी. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी तर ‘इतक्या चांगल्या बादलीत कचरा टाकायचा म्हणजे काय!’ असे म्हणून दोन्ही बादल्या भाचीच्या संसारासाठी माळ्यावर जपून ठेवल्या. एकाच घरात त्या बादल्या पहिल्या दिवसापासून कचऱ्यासाठी वापरल्या गेल्या; पण त्या घराचे त्या नगरसेवकांशी जुने वैर होते.

सवलतीचे आमिष दाखविले की माणूस सुधारतो, असे अर्थशास्त्राचे लोक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. फक्त तो सवलतीपुरता सुधारतो. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांपैकी काही केल्यास पुण्यात मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत मिळते, हे कळताच एरवी जिन्यातला दिवा बदलण्यास सहा महिने घेणाऱ्या आमच्या कार्यकारी मंडळाने पंधरवड्यात गांडूळखताचा खड्डा बांधून घेतला, त्याला हार घातला आणि त्याचे छायाचित्र अर्जासोबत जोडले. गांडुळेही आणली होती. परंतु लोणच्याचा खार, लिंबांच्या साली आणि उरलेली तिखट आमटी यांचा नैवेद्य रोज मिळू लागल्यावर त्या मूक प्राण्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात संस्थेचा त्याग केला. आता खड्ड्यावर फरशी आहे, फरशीवर सायकली आहेत, आणि सवलत यथास्थित चालू आहे.

घरात न सुटलेला प्रश्न मग वेशीबाहेर जातो. पुण्याच्या बाबतीत ही वेस म्हणजे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे. वर्षानुवर्षे शहराने आपल्या हक्कसोडीचा सारा माल नेऊन त्यांच्या दारात ओतला. तिथल्या विहिरींचे पाणी नासले, माश्या आणि दुर्गंधी हे तिथल्या माणसांचे नित्याचे सोबती झाले. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या कचरा डेपोला आग लागली, ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि शहरातले ढीग वाढू लागले, तेव्हा कित्येक पुणेकरांना उरुळी नेमकी कोणत्या रस्त्यावर आहे, हे प्रथमच कळले. त्यानंतर जी चर्चा झाली तीत, शहराचा कचरा शहरातच जिरविला पाहिजे, हे तत्त्व सर्वांनी उचलून धरले. प्रत्येक प्रभागात प्रकल्प उभारावा, यावरही मतभेद नव्हते. मतभेद फक्त ‘प्रत्येक’ प्रभागात आपला प्रभाग मोजावा की नाही, एवढ्यापुरता होता. आणि त्या बाबतीत सर्व प्रभागांनी परस्परांशी कसलीही मसलत न करता एकच निर्णय घेतला.

परंतु पुण्याची खरी प्रतिभा दिसते ती पाट्यांत. आमच्या रस्त्याच्या वळणावर पूर्वी महापालिकेचा लोखंडी कंटेनर होता. शहर कचराकुंडीमुक्त करण्याच्या धोरणात तो उचलला गेला. कंटेनर गेला, तरी त्याचे क्षेत्रमाहात्म्य राहिले. लोक त्या रिकाम्या जागी पूर्वीइतक्याच श्रद्धेने पिशव्या वाहू लागले. अशा ठिकाणाला महापालिकेच्या बोलीत ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात, आणि दुखणे खरोखरीच जुनाट असल्यामुळे त्यावर उपचारही नानाविध झाले. प्रथम ‘कृपया येथे कचरा टाकू नये’ अशी सौम्य पाटी आली. तिच्या पायथ्याशी ढीग नेहमीपेक्षा वाढला, कारण तोवर ज्यांना ही जागा माहीत नव्हती त्यांनाही ती कळली. मग शेजारच्या बंगल्याच्या मालकांनी स्वखर्चाने दुसरी पाटी लावली. तिच्यात कचरा टाकणाऱ्याच्या संस्कारांविषयी, शिक्षणाविषयी आणि मातापित्यांविषयी काही मार्मिक शंका व्यक्त केलेल्या होत्या. ती वाचण्यासाठी लोक वाहने थांबवू लागले, आणि थांबलेच आहोत तर, म्हणून हुकाला अडकवलेली पिशवीही तिथेच सोडू लागले. तिसरी पाटी दंडाची. चौथी ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ अशी. कॅमेरा मात्र मंजुरीच्या मार्गावर होता.

तेव्हा कोणा धर्मशील माणसाला युक्ती सुचली आणि भिंतीवर सर्व धर्मांच्या देवदेवतांच्या चकचकीत फरश्या बसविण्यात आल्या. पान खाऊन थुंकणारे तत्काळ थांबले, हे मान्य केले पाहिजे. ज्या माणसाला न्यायाधीशाची भीती नाही त्यालाही गणपतीची थोडी वाटते. परंतु आठ दिवसांत तिथे एक नवाच प्रवाह सुरू झाला. घरातील तडा गेलेले देवांचे फोटो, तुटलेली देवघरे, झिजलेल्या मूर्ती, मागल्या वर्षीची पंचांगे, वाळलेली निर्माल्ये, जी कचऱ्यात टाकण्याचे धाडस होत नव्हते आणि घरात ठेवणे अशुभ वाटत होते, ती सारी लोक आता निःशंक मनाने त्या भिंतीशी आणून ठेवू लागले. आपण कचरा टाकीत नसून देवाला देवाच्या स्वाधीन करीत आहोत, अशी त्यांची भावना होती. साफ करावयास आलेला महापालिकेचा मुकादम तिथे घटकाभर उभा राहिला. झाडूला हात घालावा तर पाप, न घालावा तर कारणे दाखवा नोटीस. नदीवरच्या पुलांना उंच जाळ्या बसविल्यापासून निर्माल्याची जी पंचाईत झाली होती, ती आमच्या वळणाने अशी सोडविली.

पुढे तिथे रांगोळ्या काढल्या गेल्या, कुंड्या ठेवल्या गेल्या, एक बाकही आला. रांगोळी चांगली होती; तिने तीन दिवस जागा राखली. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास पांढरे बूट, कानटोपी आणि हातात वेताची काठी, अशा थाटात फिरावयास निघालेले एक प्रतिष्ठित गृहस्थ तिथे आले, त्यांनी थबकून ती रांगोळी कौतुकाने न्याहाळली, तिच्या रेषेवर पाय पडू नये म्हणून धोतर सावरावे तशी पँट किंचित वर धरली, आणि जाकिटाच्या आतून काळी पिशवी काढून रांगोळीच्या बरोबर मधोमध, मोठ्या अदबीने ठेवली.

दंडाची भीती घालूनही पाहण्यात आली. २०१८ च्या हिवाळ्यात पुण्यात रस्त्यावर थुंकणाऱ्यांना पकडून दंड तर केलाच, शिवाय स्वतःची थुंकी स्वतःच्या हाताने पुसावयास लावली. शिक्षेतला औचित्याचा भाग वाखाणण्याजोगा होता, आणि पहिले काही दिवस रस्त्यावर माणसे तोंड फुगवून, डोळे विस्फारून, एखादी आडबाजू शोधीत वेगाने चालताना दिसत. पण थुंकणारे लक्षावधी आणि पकडणारे मूठभर, असा हिशेब असल्यावर कोणत्याही कायद्याचे जे होते ते याही कायद्याचे झाले. त्याच वर्षी राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्या गुन्ह्यास पाच हजारांचा दंड जाहीर झाला, आणि चार दिवस मंडईत भाजी घेणारे सभ्य गृहस्थ कोथिंबिरीची जुडी कोटाच्या खिशात घालून घरी जाऊ लागले. आज कोथिंबीर पुन्हा पिशवीत आहे.

स्वच्छ सर्वेक्षणाविषयी मी फारसे लिहीत नाही. २०१६ पासून दरवर्षी शहरांचे क्रमांक लागतात, आणि तपासनीस येण्याच्या सुमारास भिंतींवर हत्ती, मोर, गांधीजींचा चष्मा आणि बोधवचने उमटतात, खांबांना जुळ्या डबड्या टांगल्या जातात, व ‘आपण आपल्या शहराच्या स्वच्छतेबद्दल समाधानी आहात काय?’ या प्रश्नाचे उत्तर नागरिकांनी मोबाईलवरून होकारार्थी द्यावे, अशी गळ कर्मचारी घालीत हिंडतात. नागरिक उत्तर देतात. वर्षातून एकदा बटण दाबणे हा लोकसहभागाचा प्रकार त्यांना मनापासून आवडला आहे. गाडगेबाबांची रीत निराळी होती; ते गावात शिरले की आधी खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात गावाला झाडीत. आम्ही त्यांच्या नावाने स्पर्धा सुरू केल्या, आणि खराटा उद्घाटनाच्या छायाचित्रापुरता हाती धरण्याची प्रथा पाडली.

एवढे सगळे होऊनही एक गोष्ट मात्र घडली आहे, आणि ती नाकबूल करता येत नाही. आमच्या इमारतीतील बहुतेक घरांत आज कचरा वेगळा होतो. हे उपसमितीने केले नाही, पाटीने नाही, दंडाने तर नाहीच नाही. हे आमच्या ताईंनी केले.

ज्यांना शहर एकेकाळी ‘कचरा वेचणाऱ्या बायका’ म्हणून लांबूनच ओळखत असे, त्यांनी १९९३ साली पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या नावाने आपली संघटना उभारली, डॉ. बाबा आढावांसारखा माणूस त्यांच्या पाठीशी होता. उकिरड्यांवर आणि कंटेनरांत वाकून कागद-काच निवडणाऱ्या या स्त्रिया शहराचे काम फुकटात करीत आहेत, हे त्यांनी महापालिकेला हिशेब मांडून दाखविले, आणि त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली. २००८ साली महापालिकेने तिच्याशी करार केला. घरोघर जाऊन कचरा घ्यावयाचा, घरटी ठरलेले शुल्क घ्यावयाचे आणि सुक्यातून जे विकण्याजोगे निघेल ते विकून त्याचे पैसे आपल्याकडे ठेवावयाचे, असा तो व्यवहार आहे. आज अशा साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक या शहराच्या दारोदार फिरतात; आमच्या ताई त्यांतल्याच एक. आम्ही सभासद आपल्या संस्थेच्या सभेत दरवर्षी गणसंख्येअभावी अर्धा तास खोळंबतो. सहकाराचे खरे चालते-बोलते उदाहरण सकाळी जिन्यात ढकलगाडी लावून उभे असते.

ताईंची पद्धत अशी. त्या बादली घेतात, झाकण काढतात आणि वरून ओतीत नाहीत. आत हात घालतात. हातमोजे असतात, पण मऊ काय, कडक काय, हे बोटांना कळावे म्हणून पुष्कळदा उजव्या हाताचा मोजा कमरेला खोचलेला असतो. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, कडक प्लास्टिक निराळे, औषधांच्या पट्ट्या निराळ्या. वर्तमानपत्र चिकट झाले असेल तर त्या ते आपल्यापुढे धरून, “काका, ह्येच कोरडं दिलं असतं तर किलोला पैसे हुते,” एवढेच म्हणतात. त्यात राग नसतो. बाजारभावाची माहिती असते.

या देवाणघेवाणीत ताईंना प्रत्येक घराचे जे ज्ञान झालेले आहे, ते घरच्या वैद्याला, वकिलाला किंवा शेजारणीलाही नाही. एकदा चौथ्या मजल्यावरचे मधुमेही आजोबा दारात उभे राहून आपल्या पथ्याचे वर्णन करीत होते. ताईंनी शांतपणे बादलीतून बंगाली मिठाईचा रिकामा खोका बाहेर काढला, चापट केला आणि पुठ्ठ्यात टाकला. एक अक्षर बोलल्या नाहीत. आजोबा मात्र त्या दिवसापासून खोका स्वतःच चापट करून, रद्दीच्या मध्यभागी घालून देऊ लागले. वर्गीकरणाची सुरुवात त्या मजल्यावर अशी झाली. सभेत ज्यांनी अंड्यांचा ठराव मांडला होता त्या नानांची बादली एका सोमवारी ताईंनी उघडली, आणि जिन्यात चारपाच मंडळी उभी असताना अगदी साध्या आवाजात सांगितले, “नाना, टरफलं वल्यात टाकायची, सुक्यात न्हाई. कुजत्यात ती.” नानांनी मान डोलावली. त्या प्रश्नाचा निकाल असा संस्थेबाहेर लागला.

सर्वांत हट्टी घर तळमजल्याचे. तिथल्या डॉक्टरांचे चिरंजीव सगळा कचरा एकाच काळ्या पिशवीत कोंबून, वर घट्ट गाठ मारून ठेवीत. ताईंनी दोनदा सांगितले, तिसऱ्या वेळी पिशवी उचललीच नाही. दाराशी तशीच ठेवून दिली. मे महिना होता आणि पिशवीत आंब्याच्या कोयींबरोबर कोळंबीची सालेही होती. दुपारी चार वाजेपर्यंत पिशवीचे अस्तित्व दुसऱ्या मजल्यापर्यंत जाणवू लागले, आणि ज्या इमारतीत महिनोन्महिने शेजाऱ्याला शेजारी भेटत नाही, त्या इमारतीतील सर्व शेजारी तळमजल्यावर जमा झाले. संध्याकाळी त्या घरात दोन बादल्या आल्या. वेंगुर्ल्याला मुख्याधिकारी असताना रामदास कोकरे यांनी सबंध गावाच्या बाबतीत धोरण म्हणून हीच गोष्ट केली. मिसळलेला कचरा स्वीकारावयाचाच नाही, घरातूनच निरनिराळा आला पाहिजे, असा धरला तो हट्ट सोडला नाही, आणि ज्या डेपोकडे लोक फिरकत नसत तो बाहेरगावचे लोक पाहावयास येतील असा करून दाखविला. मात्र वेंगुर्ल्याच्या लोकांनी त्यासाठी उपसमिती नेमली नाही, हेही खरे.

पुण्यात आणखी एक गोष्ट कचरावेचकांनी लोकांच्या गळी उतरविली. तिचा उल्लेख भिडस्तपणामुळे टाळला जातो, पण टाळू नये. वापरलेली सॅनिटरी पॅड आणि लहानांची व म्हाताऱ्यांची डायपर जुन्या कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ती पुडी उघडून पाहण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही, एवढीच त्यांची मागणी होती. लाल ठिपक्यास खर्च काही नाही. तरीही आमच्या इमारतीत या सूचनेवर जो संकोच झाला तो पाहण्यासारखा होता. जी वस्तू उघडी टाकताना कोणाला लाज वाटली नव्हती, तिच्यावर ठिपका काढताना मात्र सर्वांना लाज वाटू लागली. अखेर आमच्या एका शाळकरी पुतणीने लाल स्केचपेन कचऱ्याच्या बादलीशेजारी दोरीने बांधून ठेवला, बँकेत बांधलेला असतो तसा, आणि प्रश्न मिटला.

आता राहिला शुल्काचा विषय. महापालिकेने ठरवून दिलेली दरमहा घरटी रक्कम बऱ्या हॉटेलातल्या मिसळीच्या आसपास आहे, आणि ती मिसळ खाताना हातातला पाव कमी पडला तर दुसरा मागविणारे आमचे सभासद या रकमेत मात्र घासाघीस करतात. ‘आम्ही महिन्यातून आठ दिवस गावाला होतो’, ‘आमच्याकडे दोनच माणसे’, ‘मिळकतकर भरतो तो कशासाठी?’ अशा हरकती येतात. ताईंना दिवाळीत जुनी साडी आणि उरलेला चिवडा देऊन आपण मोठे कर्तव्य केले, असे समाधानही असते. गेल्या सभेत, ताईंना शुल्काव्यतिरिक्त संस्थेतर्फे दरमहा काही रक्कम द्यावी व पावसाळ्यात रेनकोट घेऊन द्यावा, असा ठराव चिटणिसांनी मांडला. अभियंतासाहेबांनी रेनकोटच्या कापडाची जाडी विचारली, वकीलसाहेबांनी हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावयाचा असा मुद्दा उपस्थित केला, आणि ठराव कचऱ्याविषयीच्या त्याच उपसमितीकडे सोपविण्यात आला. ताईंनी जूनच्या पहिल्या पावसात प्लास्टिकची मोठी पिशवी डोक्यावरून ओढून काम केले. ती पिशवी त्यांना आमच्याच इमारतीच्या सुक्या कचऱ्यात मिळाली होती.

तेव्हा वाचकहो, आपल्या दाराशी ज्या कोणी ताई किंवा दादा येत असतील त्यांच्यासाठी इतके करावे. दुधाची पिशवी विसळून द्यावी आणि तिचा कोपरा साफ कापून टाकू नये, तो लोंबता ठेवावा, कारण तो इवला तुकडा पुन्हा कोणाच्या हाती लागत नाही. फुटलेली काच कागदात गुंडाळून, ‘काच आहे’ असे तोंडाने सांगून हाती द्यावी. लाल ठिपका काढावा. करवंटीबद्दल त्या सांगतील तसे वागावे. आणि शुल्क पहिल्या आठवड्यात द्यावे; सुटे नाहीत, ही सबब आता चालत नाही, कारण आमच्या ताईंच्या ढकलगाडीला मोबाईलवरून पैसे घेण्याचा चौकोनी कागद केव्हाच चिकटला आहे.